वहिनीची डबी

मी माझ्या सख्ख्या भावावर सूड उगवला, आणि मला त्याचं काडीइतकंही वाईट वाटत नाही. लोक म्हणतात, बहीण असून असं केलंस? अहो, बहीण आहे म्हणूनच जमलं. त्याच्या सवयी परक्या माणसाला इतक्या आतून कुठून कळणार होत्या!

पण ही गोष्ट त्याची नाही. एवढा मान मी त्याला देणार नाही. ही माझ्या वहिनीची गोष्ट आहे. आता ‘वहिनी’ म्हटलं की लगेच कोणीतरी टोकतंच, "अगं, त्यांचा घटस्फोट झाला ना? मग वहिनी कसली?" घटस्फोट तिचा त्याच्याशी झाला. माझ्याशी कुठे झाला? मी काही सही केलेली नाही.

वहिनी दात बनवते. डॉक्टर नव्हे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि त्यावरून हिच्या लॅबमध्ये कवळ्या आणि कॅप तयार होतात. लांबट खोली, खिडकीशी टेबलांची रांग, प्रत्येक टेबलावर दिवा आणि भिंग, आणि प्लास्टरची धूळ इतकी की चहाचा कप झाकून ठेवावा लागतो. तिथे ती दिवसभर कोणाची तरी दाढ कोरत बसते. तिला एक वाईट सवय आहे. माणसाशी बोलताना ती आधी त्याच्या दातांकडे बघते आणि मग डोळ्यांकडे. लग्न होऊन घरात आली त्याच आठवड्यात मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही झोपेत दात खाता." घरभर पाहुणे, आणि नवी नवरी नणंदेला असं म्हणते! मी म्हटलं, "जागेपणीही खाते, जपून राहा." तेव्हापासून आमचं जमलं. पुढे ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, पण ‘वन्सं’ ती अजून म्हणते, मुद्दाम, मला चिडवायला.

रविवारी मात्र ही बाई वेगळीच असायची. गावाबाहेर एक जुनी धावपट्टी आहे, तिथे ग्लायडरचा क्लब आहे. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. जमिनीवरचं यंत्र लांबलचक दोर गुंडाळत त्याला ओढतं, ते वर चढतं, दोर सुटतो, आणि मग तुम्ही आणि तुमचं नशीब. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर जात असते. ती सापडली तर तिच्यात गोल गोल फिरत उंची मिळवायची, नाही सापडली तर मुकाट्याने खाली यायचं. वहिनीला ती हवा सापडायचीच. बाकीचे समोरच्या काट्यांकडे बघत बसायचे, ही पक्ष्यांकडे बघायची. क्लबात तिला ‘घार’ म्हणतात. आठवडाभर पेराएवढ्या दातावर मान मोडून बसलेली बाई, रविवारी खाली उतरली की तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा. तहान लागलेली, नाक उन्हाने सोललेलं, आणि डोळे असे की हिला आता काही विचारू नये.

मी उडत नाही. मी ड्रायव्हिंग शिकवते, माझा जीव चार चाकांवरच थाऱ्यावर असतो. क्लबात माझं काम ट्रेलरचं. हवा संपली की ग्लायडर जवळ जे सापडेल तिथे उतरतं, कापणी झालेल्या शेतात नाहीतर गुरांच्या कुरणात. मग मी ट्रेलर ओढत जायचं, पंख सुटे करायचे, सगळं भरायचं आणि परत आणायचं.

आणि दादा? दादा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. क्लबात वहिनीला नेलं तेही त्यानेच. स्वतः एकदाच वर गेला होता, पिशवीत ओकत खाली आला, तेव्हापासून जमिनीवरचा राजा. वायरी जोडणं, अँटेना लावणं, पंख धरून उभं राहणं, सगळी खालची कामं त्याची. कामाला वाघ होता, ते मी नाकारत नाही.

आता त्या डबीचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. एका वर्षी दोन ग्लायडर हवेतच एकमेकांवर आदळली आणि एक तरुण गेला. त्यानंतर क्लबाने नियम केला, डबीशिवाय कोणी उडायचं नाही. साबणाच्या वडीएवढी असते. ती क्षणाक्षणाला ओरडत असते, मी इथे आहे, एवढ्या उंचीवर आहे, अशी चालले आहे. आपल्याला ऐकू येत नाही, पण दुसऱ्या ग्लायडरमधल्या डबीला येतं, आणि फार जवळ आलात तर ती टीं टीं करून सावध करते. चांगलीच गोष्ट आहे. पण ओरडलेलं फक्त शेजाऱ्यालाच ऐकू जाईल असं थोडंच आहे? छपरावर अँटेना लावून बसलेल्या कोणालाही ते ऐकू येतं. असे हौशी लोक ते सगळं गोळा करतात आणि इंटरनेटवर नकाशात दाखवतात. कोणीही उघडावं आणि कोण कुठे उडतंय ते चहा पीत बघावं. आमच्या भागातली अँटेना दादाची, क्लबाच्या छपरावर त्यानेच लावलेली. एकदा एक म्हातारे पायलट जंगलात पडले, पाय मोडून झाडाखाली होते, ते दादाच्या अँटेनामुळे सापडले. त्या दिवसापासून क्लबात दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

क्लबाची ग्लायडर सगळ्यांची मिळून असतात, पण डबी ज्याची त्याची. आपली आणायची, समोरच्या पट्टीवर चिकटवायची, उतरलं की काढून घ्यायची. प्रत्येक डबीचा नंबर वेगळा. म्हणजे डबी दिसली की माणूस दिसला. वहिनीच्या डबीचा नंबर दादाला पाठ होता, त्यानेच घेऊन दिली होती ना.

लग्न मोडलं ते त्या नकाशानेच. ती खाली उतरायची, आणि हा घरी उलटतपासणी घ्यायचा. त्या टेकडीवर इतका वेळ का फिरलीस? तेव्हा तिथे दुसरं कोण होतं? दोघं एकाच हवेत का चढलात? अरे बाबा, हवा तिथेच होती म्हणून! वहिनीने सांगून बघितलं, रडून बघितलं, शेवटी आपल्या हत्यारांची पेटी, चार कपडे आणि ती डबी उचलली आणि निघाली. कोर्टातून मोकळीही झाली. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

कसला जातोय! त्यानंतर ती पहिल्यांदा शेतात उतरली, तेव्हा मी ट्रेलर घेऊन पोचले तर ती कॉकपिटमध्येच बसलेली, पट्टे बांधलेले, काचेचं झाकण बंद. आत भट्टी झाली असेल. मी झाकण उघडलं तर घामाने निथळत होती. म्हणाली, "तो आला होता. मी थांबायच्या आधीच बांधावर उभा होता." काय केलं, विचारलं तर म्हणाली, काही नाही केलं. मागून आला, पंखामागे उभा राहिला, पट्ट्यांमुळे मला वळता येत नाही हे त्याला माहीत आहे. बोलत राहिला. मग गेला. काय बोलला ते मात्र तिने सांगितलं नाही.

पुढच्या वेळी पुन्हा तेच. मग पुन्हा. ती कुठे उतरणार हे तिला स्वतःला आधी माहीत नसायचं, आणि हा तिथे हजर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक त्याच्या घरी गेले. जिथे पूर्वी वहिनीचं कपाट होतं त्या भिंतीवर आता मोठा पडदा, त्यावर नकाशा, आणि नकाशावर रंगीत दोऱ्यांचा गुंता. तिची एकूण एक उड्डाणं त्याने जपून ठेवली होती.

"दादा, लाज वाटते का?"

"कशाची? मी फक्त बघतो. बघायला बंदी आहे का? उद्या ती कुठे पडली तर कोण शोधणार, तू?" आणि वर प्रेमाने म्हणाला, "छोटे, ती कुठेही उतरली तरी एकटी नसते, हे मी बघतो."

मी पडदा फोडायला हवा होता, पण नुसतं दार आपटून आले.

वहिनी क्लबाच्या अध्यक्षांकडे गेली. अध्यक्षांचं चष्म्यांचं दुकान आहे, गावातल्या निम्म्या नाकांवर त्यांचा चष्मा. ते म्हणाले, "बाई, डबी बंद करता येणार नाही. सुरक्षेचा प्रश्न आहे. आणि तुम्हाला लपवायचंय तरी काय?" घरी येऊन वहिनी मला सांगत होती, "त्यांचे वरचे चार दात माझ्या हातचे आहेत. माझ्याच दातांनी मला नाही म्हणाले गं." आम्ही हसलो, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

डबीत नकाशावरून लपायची एक सोय असते. ती करून बघितली. पण ती सोय म्हणजे नुसतं लोटलेलं दार, कडी नाही. डबी फक्त विनंती करते की मला दाखवू नका. ऐकणाऱ्याने मान राखायचा. दादा कसला मान राखतोय! मग नवी डबी घेतली, नवा नंबर. दोन रविवारांत त्याने तीही ओळखली. कशावरून, माहीत आहे? दोर सुटला की वहिनी आधी डावीकडे वळते. नेहमी. तिला स्वतःलाही हे ठाऊक नव्हतं, शेतात मागे उभं राहून त्यानेच सांगितलं.

तरी ती उडत होती. मोडली ती वेगळ्याच गोष्टीने. वर्षातून एकदा डबीला नवं सॉफ्टवेअर द्यावं लागतं, नाहीतर ती चालत नाही. सगळे पायलट ते घरीच करतात, आणि मग डबीला आकाश दिसावं म्हणून खिडकीत ठेवतात. वहिनीनेही ठेवली. नवी भाड्याची खोली, तिसरा मजला, पत्ता माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. डबी खिडकीत ठेवून ही चहा करायला वळली. आणि डबी तिथूनही ओरडतच होती ना, मी इथे आहे, मी इथे आहे! संध्याकाळी दादा जिन्यात उभा. घरमालकिणीशी गोड गोड बोलत होता. म्हणत होता, माझी बायको आहे, डोक्याने जरा आजारी आहे, औषधं चुकवते, तुम्ही लक्ष ठेवा आणि काही झालं तर मला कळवा. आपला नंबरही देऊन गेला. घरमालकीण भली बाई, पण घाबरली. महिनाअखेर खोली सोडा म्हणाली.

वहिनी माझ्याकडे आली. आली ती पॅराशूटची पिशवी माळ्यावर टाकूनच बसली.

"संपलं," म्हणाली. "मी आता उडणार नाही. खाली राहिले तर निदान कुठे आहे ते ओरडून तरी सांगावं लागणार नाही."

दोन रविवार ती घरात बसली. खिडकीकडे पाठ करून. कपडे घडी करायची, पुन्हा मोडायची, पुन्हा घडी करायची. मी तिच्याकडे बघायची आणि माझे दात झोपेत नाही, भर दिवसा करकरायचे. हा माणूस बाईला घरातून हुसकावतो, खोलीतून हुसकावतो, आता आभाळातूनही हुसकावणार? आणि क्लबात लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवून चहा पिणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे मला आयुष्यभर ऐकवलं घरच्यांनी. म्हटलं, असू देत. किडलेला दात आपला असला तरी उपटावाच लागतो.

"वहिनी, एकदाच," मी म्हटलं. "एकदा त्याचं बोलणं दुसऱ्या कोणाला तरी ऐकू देत. मग तू उडू नकोस, मी बोलणार नाही."

तिने हातातली घडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तो मागून येतो. तोंड बघत नाही." आणि माझ्याकडे बघून हसली. महिन्याभरात पहिल्यांदा हसली, आणि ते हसू काही साधं नव्हतं.

आम्ही दोघी चष्म्याच्या दुकानात गेलो. वहिनीने डबी काउंटरवर ठेवली. "रविवारी ही घेऊन तुम्ही उडा. खाणीमागच्या शेतात उतरा. कोणाला सांगू नका. शेतात कोणी नसेल तर मी हा विषय कायमचा बंद करते, तुमची माफीही मागते."

अध्यक्षांना ती कल्पना फार आवडली. फुकटात माफी मिळणार होती. "आणि कोणी असलं तर?" त्यांनीच हसत विचारलं.

"तर तुम्ही बोलू नका. मागे बघू नका. फक्त दांडीवरचं बटण दाबून धरा."

ज्या दांडीने ग्लायडर वळवतात, तिच्यावरचं ते रेडिओचं बटण. ते दाबलं की कॉकपिटजवळ जे काही बोललं जातं ते सगळ्यांना ऐकू जातं, हवेतल्यांना आणि क्लबातल्यांनाही. क्लबातला रेडिओ फार छान पकडतो. त्याचा उंच खांब दादानेच उभारलाय.

"आणि हो," वहिनी जाता जाता म्हणाली, "दोर सुटला की आधी डावीकडे वळा."

रविवारी ऊन कडक होतं. क्लबात सगळ्यांच्या डोक्यावर एकसारखीच पांढरी रुंद टोपी असते, त्यामुळे अध्यक्ष आत बसले तेव्हा लांबून कोणालाही काही वेगळं वाटलं नसतं. दोर सुटला, ग्लायडर डावीकडे वळलं. मी आणि वहिनी ट्रेलर घेऊन खाणीच्या रस्त्याला लागलो आणि एका वळणावर झाडांच्या आड गाडी थांबवली. गाडीतला रेडिओ चालू होता. वहिनी मांडीवर हात घट्ट धरून बसली होती.

थोड्या वेळाने अध्यक्षांचा आवाज आला, अगदी लग्नातल्या वरबापासारखा ऐटीत. "उतरलो. सगळं व्यवस्थित. बरं का बाई, शेत मोकळं आहे. चिटपाखरू नाही."

मी वहिनीकडे बघितलं. ती म्हणाली, "थांब."

मग रेडिओत कट् झालं. वारा ऐकू आला. आणि मग माझ्या भावाचा आवाज, हळू, लाडात आल्यासारखा.

"आज लवकर उतरलीस. दोन रविवार आली नाहीस, मला वाटलं रुसलीस. छोटीकडे राहतेस ना? माहीत आहे मला. तिथेही कधीतरी खिडकीत डबी ठेवशीलच. खोली सोडलीस ते बरं केलंस, ती बाई मला आवडली नव्हती. लॅबच्या मालकाशी मी अजून बोललो नाही. बोलू का? सांगू त्याला, हिच्या हातात धारदार हत्यारं देऊ नका म्हणून? कुठेही उतर तू. तुझ्याआधी मी पोचेन. तक्रार करतेस? कोणाकडे, त्या चष्मेवाल्याकडे? त्याला नाकासमोरचं दिसत नाही. मी दोन वायरी जोडून दिल्या की शेपूट हलवतो म्हातारा. वर जातेस ती मी जाऊ देतो म्हणून जातेस, कळलं? एक दिवस नाही जाऊ देणार."

मी आजवर खूप शिव्या ऐकल्या आहेत, दिल्याही आहेत. ड्रायव्हिंग शिकवते मी. पण याच आवाजात तो लहानपणी मला झोपवायचा. वहिनीने डोळे मिटले होते. हे सगळं ती आजवर एकटी ऐकत आली होती. आज निम्मं गाव ऐकत होतं.

"चल," ती म्हणाली. मी गाडी अशी काढली की ट्रेलर मागे उडत आला.

आम्ही पोचलो तेव्हा झाकण उघडं होतं आणि अध्यक्ष बाहेर उभे होते. टोपी पडलेली, मिशा थरथरत, आणि तोंडातून वहिनीचे चारही दात दाखवत ते दादावर ओरडत होते. "शेपूट? मी शेपूट हलवतो?" दादाचा चेहरा प्लास्टरसारखा पांढरा. त्याने आम्हाला बघितलं, ट्रेलर बघितला, आणि त्याला सगळा डाव कळला. तो आपल्या गाडीकडे वळला. दोन-चार पावलं टाकलीही.

तेवढ्यात वहिनी पंखाच्या मुळाशी पोचली होती. तिने खणखणीत आवाजात हाक दिली, "पंख धर!"

आणि दादाने धरला.

आता हे बाहेरच्या माणसाला पटणार नाही. पण क्लबात ज्याने वर्षानुवर्षं रविवार काढलेत, त्याला ही हाक आली की डोकं विचार करत नाही, हात पुढे होतात. पंख पडून मोडणं म्हणजे पाप. तो धावत पंखाच्या टोकाशी आला आणि दोन्ही हातांनी टोक उचललं. वहिनीने दोन पंखांना एकत्र धरणारा मोठा खिळा अर्धा बाहेर ओढला. आणि थांबली.

खिळा अर्धा निघाला की टोक सोडता येत नाही. सोडलं तर पंख मुळातून फाटतो. एरवी हे काम क्षणात उरकतं. दुसऱ्या पंखाखाली मी टेकू म्हणून लाकडी घोडी लावली. दादाकडच्या टोकाला लावायची घोडी ट्रेलरमध्ये अजून होती. ती मी तिथेच राहू दिली.

"काढ ना," दादा म्हणाला.

"सगळे येऊ देत," वहिनी म्हणाली.

आणि ते यायला लागले. क्लबात चहा पिता पिता ज्यांनी ऐकलं होतं ते सगळे. एकामागून एक गाड्या शेताच्या अरुंद वाटेवर येऊन थांबल्या, दारं उघडली, माणसं उतरली. त्याच्या अँटेनाचं कौतुक करणारी, त्याच्या खांद्यावर हात ठेवणारी. तो जंगलात सापडलेला म्हातारा पायलटही आला, काठी टेकत. सगळे अर्धवर्तुळ करून उभे राहिले आणि दादाकडे बघत राहिले. नुसते बघत राहिले. त्याला तोंड लपवायला हात मोकळा नव्हता. तो मान इकडे फिरवायचा तर इकडे लोक, तिकडे फिरवायचा तर तिकडे मी.

त्याचे दंड थरथरायला लागले. घाम डोळ्यांत जात होता. याच हातांनी माझी सायकल मागून धरली होती, हे मला तेव्हा आठवलं. दया आली का? खोटं कशाला बोलू, नाही आली. उलट वाटलं, खिळा अजून थोडा वेळ राहू दे.

"मी काय केलं?" तो शेवटी म्हणाला. "तिला हात तरी लावला का कधी?"

म्हाताऱ्या पायलटने खाली मान घातली. अध्यक्षांनी घसा खाकरला. म्हणाले, "अँटेना उद्या उतरेल. क्लबात पाऊल टाकायचं नाही. आणि उद्या सकाळी मी या बाईंबरोबर पोलिसांत जातोय. जे ऐकलं ते सगळं सांगणार आहे." मग वहिनीकडे वळले, पण तिच्या डोळ्यांकडे काही बघवेना त्यांना. "बाई, मी तुम्हाला नको ते बोललो. पुढच्या रविवारी तुम्ही उडाल ना?"

"उडणार," वहिनी म्हणाली. आणि खिळा काढला.

दोघा पायलटांनी दादाच्या हातातून पंख घेतला. त्याचे हात तसेच राहिले, वर, काही धरल्यासारखे. मग ते खाली घेऊन तो आपल्या गाडीत जाऊन बसला. पण जाणार कुठून? वाट सगळ्या गाड्यांनी आणि आमच्या ट्रेलरने अडवलेली. त्याने काचा वर केल्या आणि समोर बघत बसला.

आम्हाला काही घाई नव्हती. वहिनीने बादलीत पाणी घेतलं, फडकं पिळलं आणि पंख पुसायला घेतला. धूळ, किडे, गवत, एकेक ठिपका. पुढून पुसला, मागून पुसला. माणसं उभी होती, कोणी मदतीला पुढे झालं नाही, कोणी निघूनही गेलं नाही. मी पाणी बदलून आणलं.

दादाने काच बोटभर खाली केली आणि मला बोलावलं. "छोटे, तिला सांग लवकर आवर. मला जायचंय."

मी जाऊन वहिनीला सांगितलं. ती फडकं पिळत होती. वर न बघता म्हणाली, "कुठे जायचंय, विचार."

मी परत गेले. काचेवर टकटक केली. "वहिनी विचारतेय, कुठे जायचंय?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग माझ्यामागे उभ्या असलेल्या सगळ्यांकडे बघितलं. कोणी हललं नाही. उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही हे त्याला कळलं असावं.

"घरी," तो म्हणाला. "घरी जायचंय."

"घरी जायचंय म्हणतोय," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वहिनीला सांगितलं.

तिने मान हलवली आणि दुसरा पंख पुसायला घेतला.